शिस्त म्हणजे नेम : इंदूर-महूच्या माशीची आणि खाचेची गोष्ट

‘शिस्त’ हा शब्द आज मराठीत मुख्यतः शाळेत भेटतो. रांगेत उभे राहा, वेळेवर या, गडबड करू नका. पण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तेव्हा त्यात या शब्दाचा आणखी एक अर्थ नोंदलेला होता, तो म्हणजे नेम. बंदुकीची शिस्त धरायची, शिस्त लावायची. शब्द फारसीतून आला. तिकडे ‘शस्त’ म्हणजे अंगठा, मग तिरंदाजानं अंगठ्यात घालायचं कडं आणि त्यावरून नेम. नेम धरायला अंग आणि मन ताब्यात ठेवावं लागतं, म्हणून पुढे ताबा हाच अर्थ उरला आणि नेम गळून पडला, असं मला वाटतं.

इंदूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर, महूच्या छावणीत, हा गळालेला अर्थ अजून रोजच्या वापरात आहे. जवानाला हत्यार शिकवतात तेव्हा हिंदीत एक स्वतंत्र धडाच असतो, ‘शिस्त लेना’. कॉलेजात एनसीसी केलेल्या कुणालाही तो आठवेल. पोटावर झोपून बॅकसाइटच्या खाचेतून फोरसाइटचं टोक बघायचं, ते टार्गेटवर टेकवायचं, श्वास धरायचा. मराठी मुलांना तिथे पहिल्यांदा कळतं की शिस्त ‘पाळायची’च नसते, ‘घ्यायची’ही असते.

या टिपणाचा विषय त्याच्या पुढचा आहे. शिस्त बरोबर घेतली, चाप नीट दाबला, आणि तरीही गोळी सारखी एकाच चुकीच्या जागी लागते. मग काय करायचं? आणि ते करायची मुभा कुणाला असते? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या माळव्याच्या इतिहासात त्याची उत्तरं वेळोवेळी बदलत गेली आहेत.

(इंदुरात पिस्तुलाचा विषय काढला की गप्पा हमखास १९२५ च्या मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणाकडे आणि तुकोजीराव तिसऱ्यांच्या राज्यत्यागाकडे वळतात. त्यावर भरपूर लिहून झालंय. इथे तो विषय नाही.)

माशी आणि खाच

आधी हत्यार समजून घेऊ. नळीच्या तोंडाशी वर एक बारीक उंचवटा असतो, त्याला मराठीत माशी म्हणतात. जुन्या तोड्याच्या बंदुकीवर ती पितळेची गोल घुंडी असे, खरोखर माशी बसल्यासारखी. डोळ्याच्या बाजूला दुसरी खूण असते, तिच्यात खाच असते. खाचेच्या मधोमध माशी उभी राहिली, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला आणि दोघींचे माथे एका रेषेत आले, की शिस्त बसली.

माणसाच्या डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. खाच, माशी आणि टार्गेट या तिन्ही गोष्टी एकदम ठसठशीत दिसणं शक्य नाही. म्हणून शिकवणारे सांगतात की नजर माशीवर ठेवा, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. नवख्याला हे उलटं वाटतं. ज्याला मारायचंय तेच धूसर कसं ठेवायचं? त्याचं उत्तर साध्या त्रैराशिकात आहे.

पिस्तुलावर माशी आणि खाच यांच्यातलं अंतर फार कमी असतं. समजा ते १६० मिलिमीटर, म्हणजे साधारण एका वितीपेक्षा कमी आहे. टार्गेट २५ मीटरवर. आता पूर्ण पिस्तूल, कोन न बदलता, हातभर नव्हे पण एक सेंटिमीटर उजवीकडे सरकलं, तर गोळीही एक सेंटिमीटरच उजवीकडे लागेल. पण खाचेतली माशी एकच मिलिमीटर उजवीकडे झुकली, तर नळीचा कोन बदलतो. २५,००० ला १६० नं भागा. उत्तर येतं सुमारे १५६. म्हणजे गोळी जवळजवळ सोळा सेंटिमीटर उजवीकडे जाणार. हात थोडा डुलला तर फारसं बिघडत नाही, माशी खाचेतून हलली तर सगळं बिघडतं. रायफलीवर हे अंतर पिस्तुलाच्या तिप्पट-चौपट असतं, म्हणून तीच चूक रायफलीला कमी महाग पडते. पिस्तूल लहान, त्यामुळे त्यातली प्रत्येक चूक मोठी.

गोळी खाली लागते तेव्हा

आता दुरुस्ती. समजा पाच गोळ्या मारल्या. पाचही एकमेकींजवळ लागल्या, पण मध्यापासून आठ सेंटिमीटर खाली. नेमबाजीच्या भाषेत हे ग्रुपिंग चांगलं आहे, फक्त जागा चुकली आहे. पाच छिद्रांचा जो मध्य येतो त्याला सैन्यात एमपीआय म्हणतात, म्हणजे सरासरी माराबिंदू. तो माराबिंदू नेमाच्या बिंदूवर आणायचा, हीच ती दुरुस्ती. रायफलीच्या बाबतीत यालाच ‘झिरो करणं’ म्हणतात.

नियम दोनच आहेत. गोळी जिकडे जायला हवी, खाच तिकडे सरकवायची. माशी सरकवायची असेल तर उलट्या बाजूला. गोळी खाली लागते, वर आणायची आहे, तर खाच वर करा. नाहीतर माशी कमी करा. गोळी उजवीकडे लागते, डावीकडे आणायची आहे, तर खाच डावीकडे, किंवा माशी उजवीकडे. किती सरकवायचं तेही त्याच त्रैराशिकातून निघतं. आठ सेंटिमीटर म्हणजे ८० मिलिमीटर, त्याला १५६ नं भागलं की अर्धा मिलिमीटर. जाड पुठ्ठ्याएवढं.

माशीचा उलटा नियम पचायला जड जातो. माशी उंच केली की गोळी वर जायला हवी असंच आपल्याला वाटतं. पण विचार करा. खाचेच्या माथ्याशी माशीचा माथा जुळवायचाच आहे. माशी उंच असेल तर तिचा माथा खाली आणायला नळीचं तोंड खाली झुकवावं लागतं, आणि गोळी खाली जाते. माशी घासून बुटकी केली तर ती खाचेत दिसायला नळी उचलावी लागते, आणि गोळी वर जाते.

महागड्या स्पर्धेच्या पिस्तुलावर खाच सरकवायला दोन बारीक स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावीकडे-उजवीकडे. स्क्रू फिरवला की टिक्-टिक् लागते, आणि एका टिकेला गोळी किती सरकते ते पिस्तुलाबरोबरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पण बहुतेक नोकरीच्या हत्यारांना, म्हणजे पोलीस-सैन्याच्या पिस्तुलांना, असे स्क्रू नसतात. तिथे खाच एका आडव्या खोबणीत घट्ट बसवलेली असते, ती पितळेच्या ठोशानं हलक्या हातानं ठोकून सरकवतात. जुन्या रिव्हॉल्व्हरांना तेही नाही. त्यांच्यावर खाच म्हणजे वरच्या पट्टीत कोरलेली चर, आणि माशी नळीशी जोडलेली. तिथे एकच उपाय, कानस. आणि कानशीनं काढलेलं पोलाद परत लावता येत नाही. म्हणून जाणता कारागीर दोन वेळा घासून थांबतो, पाच गोळ्या मारून बघतो, आणि मगच तिसऱ्यांदा कानस लावतो.

दोष हत्याराचा की हाताचा

पण स्क्रूला किंवा कानशीला हात लावण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि सगळी गंमत त्यातच आहे. चुकतंय कोण, हत्यार की माणूस?

उजव्या हातानं मारणारा नवखा माणूस चाप दाबताना नुसतं बोट वापरत नाही, सगळी मूठ आवळतो. आवाजाच्या भीतीनं मनगट आधीच खाली जातं. त्याच्या गोळ्या खाली आणि डावीकडे लागतात. ही खूण इतकी ठरलेली आहे की शिकवणारा टार्गेट बघूनच सांगतो. अशा माणसानं खाच उजवीकडे-वर सरकवली, तर त्या दिवसापुरतं टार्गेट बरं दिसेल. पण महिन्याभरात हात सुधारला की गोळ्या वर-उजवीकडे पळायला लागतील, आणि तो पुन्हा हत्याराला दोष देईल.

म्हणून पद्धत अशी. एका गोळीवर निकाल द्यायचा नाही. निदान पाच मारायच्या. पाचही पसरल्या असतील तर दोष हाताचा, आणि सरावाशिवाय इलाज नाही. पाचही एकत्र पण चुकीच्या जागी असतील, तर हत्यार वाळूच्या पिशवीवर टेकवून पुन्हा मारायच्या. मग तेच हत्यार दुसऱ्या चांगल्या नेमबाजाच्या हाती द्यायचं. त्याचीही गोळी तिथेच लागली, तरच हत्याराला हात लावायचा.

त्यातही दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे काडतूस. पिस्तुलाची गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत धक्क्यानं नळीचं तोंड थोडं उचललेलं असतं. जड आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढं तोंड जास्त उचलतं, आणि जवळच्या अंतरावर ती वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली. म्हणजे काडतूस बदललं की शिस्त बिघडते, आणि दोष ना हत्याराचा असतो ना हाताचा.

दुसरी म्हणजे ऊन. गोल, चकचकीत माशीवर एका बाजूनं ऊन पडलं की तेवढीच बाजू चमकते. डोळा त्या चमकत्या बाजूलाच पूर्ण माशी समजतो आणि तीच खाचेच्या मधोमध आणतो. ऊन उजवीकडून आलं तर गोळी डावीकडे जाते. माळव्यातल्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात पितळी घुंडीचं काय होत असेल याची कल्पना करा. म्हणूनच नेमबाज माशीला काजळी धरतात, आणि पुढे गोल घुंडीऐवजी सपाट, पाठीमागून उभी कापलेली काळी पाती आली.

महिदपूर ते महू

आता आपल्या भागाकडे येऊ. होळकरांच्या घराण्यात हत्याराशी सर्वात जवळचं नातं असलेला पुरुष म्हणजे यशवंतराव. बंदूक फुटून त्यांचा एक डोळा गेला होता. नळीचं लोखंड कमअस्सल असलं तर काय होतं हे ज्याला असं स्वतःच्या अंगावर कळलं, त्यानं आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत भानपुऱ्याला तोफा ओतायचा कारखाना काढावा, आणि भट्टीपाशी स्वतः उभं राहून काम करावं, हे मला फार बोलकं वाटतं. माल्कमनं मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात याबद्दल लिहिलं आहे. १८११ साली यशवंतराव भानपुऱ्यालाच वारले.

त्यांच्या तोफखान्याची परीक्षा दहा वर्षांच्या आत झाली. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला शिप्रा ओलांडताना हिस्लॉप आणि माल्कम यांच्या फौजेवर होळकरी तोफांनी जो मारा केला, त्यात इंग्रजांकडचे पावणेआठशेच्या घरात लोक मेले किंवा जखमी झाले. लढाई हरली, पण गोलंदाज हरले नाहीत. ते तोफांपाशी टिकून राहिले हे शत्रूनंही मान्य केलं.

त्या काळच्या घोडेस्वाराकडे तमंचा किंवा कडाबीन असे. त्याला बहुधा माशीच नसे, असली तर नुसती घुंडी. कारण ते हत्यार भाल्याच्या टप्प्यात आल्यावर झाडायचं, नेम धरायला वेळ कुणाला? तोड्याच्या लांब बंदुकीला माशी आणि खाच दोन्ही असत, पण दोन्ही पक्क्या बसवलेल्या. त्या बंदुकीची दुरुस्ती तिच्या मालकाच्या डोक्यात असे. ‘ही बोटभर उजवीकडे टाकते, तेव्हा बोटभर डावीकडे धरायचं.’ हत्यार बदलायचं नाही, नेम बदलायचा. बंदूक शिपायाची स्वतःची असे तोवर हे चालून गेलं. पन्नास वर्षं एकच बंदूक वापरणाऱ्याला तिची खोड पाठ होते.

६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. होळकरांची राजधानी इंदुरात आली, आणि त्याच वर्षी इंदूरच्या उशाशी महूची छावणी बसली. आता शिपायाची बंदूक सरकारची झाली. ती त्याला शस्त्रागारातून मिळे आणि शस्त्रागारात परत जाई.

१८५७ नंतरचा ठोकळा

एन्फील्ड म्हटलं की आपल्याला चरबीची काडतुसं आठवतात. पण १८५३ च्या नमुन्याच्या त्या रायफलीत आणखी एक नवी गोष्ट होती. तिची खाच सरकती होती. जवळच्या अंतरांसाठी १०० ते ४०० यार्डांच्या पायऱ्या, आणि त्यापुढे शिडीसारखी उभी करायची पट्टी. नळीला आतून चऱ्या होत्या, त्यामुळे गोळी फिरत, सरळ जाई. म्हणजे अंतर अजमावायचं, त्याप्रमाणे खाच लावायची आणि मग शिस्त घ्यायची. साध्या शिपायानं अंतरानुसार स्वतः खाच लावायची, हे त्याच्यासाठी नवं होतं. डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे त्यासाठी शाळा काढल्या होत्या, आणि निवडक हिंदी शिपाई तिथे शिकायला पाठवले जात होते. बाकी पलटणींच्या हातात अजून गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकाच होत्या.

पुढे काय झालं ते आपण इंदूरकरांना सांगायला नको. १ जुलै १८५७ च्या सकाळी सआदतखानाच्या पुढाकारानं रेसिडेन्सीवर हल्ला झाला, ड्युरँड सीहोरकडे निघून गेला, आणि त्याच रात्री महूत २३ वी बंगाल पलटण उठली. तिचा कर्नल प्लॅट मारला गेला. आपल्या शिपायांवर विश्वास असलेल्या अधिकाऱ्यांपैकी तो एक होता.

उठाव मोडल्यावर सरकारनं हिंदी फौजेची जी फेररचना केली, तिच्यातल्या दोन गोष्टी सगळीकडे लिहिल्या जातात. तोफखाना जवळजवळ संपूर्ण गोऱ्यांकडे गेला, आणि गोऱ्या-काळ्या फौजेचं प्रमाण बदललं. तिसरी गोष्ट मात्र क्वचितच लिहिली जाते, आणि आपल्या विषयाशी तिचाच संबंध आहे. हिंदी पायदळासाठी १८५८-५९ मध्ये एन्फील्डचा एक वेगळा नमुना काढला. बाहेरून तीच बंदूक. पण नळी ०.५७७ ऐवजी ०.६५ इंचांच्या आसपास रुंद केलेली आणि आतून गुळगुळीत, चऱ्या नाहीत. आणि शिडीची सरकती खाच काढून तिथे एक साधा पक्का ठोकळा बसवलेला, मधे एक चर.

विचार करा, हे किती मुद्दाम केलेलं आहे. गुळगुळीत नळीची गोळी शंभर यार्डांपुढे भरवशाची नाही, तेव्हा सरकती खाच ठेवून उपयोग नव्हता, हे तांत्रिकदृष्ट्या खरंच. पण नळी गुळगुळीत करायचा निर्णय तांत्रिक नव्हता. गोऱ्या सैनिकाच्या आणि हिंदी शिपायाच्या मारात अंतर राहिलं पाहिजे, असा तो राजकीय निर्णय होता. एकाला नेम दुरुस्त करता येईल असं हत्यार दिलं, दुसऱ्याला नाही. पुढची कित्येक वर्षं हिंदी पलटणींना गोऱ्यांच्या एक पिढी मागचं हत्यार मिळत राहिलं. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री आली तेव्हा यांच्याकडे स्नायडर.

शब्दाकडे परत या. शिपायाच्या हातातून शिस्तीचा पहिला अर्थ, नेम, काढून घेतला, आणि दुसरा अर्थ, हुकमाबरहुकूम वागणं, तेवढा ठेवला. भाषेत हा बदल कोणत्या वर्षी घडला ते कुणी नोंदत नाही. बंदुकीवर मात्र तो पोलादात लिहिलेला आहे.

भरवसा कुणावर ठेवायचा या प्रश्नाचं आणखी एक टोक त्याच छावणीत दिसतं. रामजी सकपाळ सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेत शिकवत. त्यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ ला भीमराव जन्मले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९० च्या दशकात, ‘लढाऊ जाती’च्या सिद्धान्तापायी महारांची सैन्यभरतीच बंद झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यानपिढ्या बंदूक धरली, त्यांच्या हातात आता ठोकळ्याची बंदूकही नको झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावं लागलं.

कानस कुणाच्या हातात

छोट्या हत्याराचा प्रवास थोडा वेगळा. रिव्हॉल्व्हर मुळात अधिकाऱ्याचं हत्यार, आणि अधिकारी गोरा. वेब्ली रिव्हॉल्व्हरचे सुरुवातीचे नमुने पक्क्या माशीचे होते. १९१५ ला आलेल्या सहाव्या नमुन्यात मात्र एक लहानशी सोय झाली. माशीची पाती स्क्रूनं बसवलेली, म्हणजे काढता-घालता येणारी. गोळी खाली लागत असेल तर बुटकी पाती, वर लागत असेल तर उंच. कानस लावून हत्यार कायमचं बदलण्याऐवजी भाग बदलायचा.

पण हे काम हत्यार वापरणाऱ्याचं नव्हे, आर्मोररचं. आजही पोलीस आणि सैन्यात हीच पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. एक पिस्तूल चार जणांच्या हातून जात असेल, तर प्रत्येकानं आपापल्या चुकीप्रमाणे खाच ठोकायला लागल्यावर शेवटी ते कुणाच्याच कामाचं राहणार नाही. म्हणजे दुरुस्तीचा अधिकार एका जाणत्या माणसाकडे ठेवण्याला कारण असू शकतं. १८५८ चा ठोकळा आणि आर्मोररची पेटी यांत फरक इतकाच की आर्मोरर तक्रार ऐकून, पाच गोळ्या मारून बघून, दुरुस्ती करतो. ठोकळा तक्रारच होऊ देत नाही.

बिजासनच्या बाजूला सीमा सुरक्षा दलाची शस्त्र आणि युद्धतंत्राची शाळा आहे, तिच्या शस्त्रसंग्रहालयात कधी परवानगी काढून गेलात तर नळ्या आणि मुठींवरून नजर काढून फक्त माशा आणि खाचा बघत जा. मी तसं करायला सगळ्यांना सुचवतो. घुंडी, पाती, ठोकळा, शिडी, स्क्रू या क्रमात पूर्ण इतिहास दिसतो.

महूचं रुपेरी पदक

स्वातंत्र्यानंतर महूत इन्फंट्री स्कूल आलं, आणि १९९३ मध्ये त्याच्याच आवारात सेनेचं मार्क्समनशिप युनिट उभं राहिलं. इथे रोजचं काम तेच, जे वर सांगितलं. पाच गोळ्या, माराबिंदू, हात की हत्यार, मग स्क्रू.

हिमाचलातल्या हमीरपूर जिल्ह्यातला डोग्रा रेजिमेंटचा विजय कुमार इथेच घडला. ३ ऑगस्ट २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत त्यानं ४० पैकी ३० गोळ्या अचूक मारल्या आणि रौप्यपदक मिळवलं. क्यूबाच्या पुपोनं ३४ मारून सुवर्ण घेतलं. त्या फेरीत पाच टार्गेटं शेजारी-शेजारी असतात आणि चार सेकंदांत पाचांवर एकेक गोळी मारायची असते. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, आणि ९.७ च्या खालची गोळी चुकली असं धरतात. आपलं त्रैराशिक लावून बघा. खाचेत माशी एक मिलिमीटर हलली तर गोळी १५६ मिलिमीटर सरकते, म्हणजे चुकलीच. चार सेकंदांत हात पाच टार्गेटांवरून फिरतो, आणि तेवढ्या वेळात माशीला खाचेत अर्धा मिलिमीटरसुद्धा हलायची परवानगी नाही.

याच युनिटमधला गोरखा रायफल्सचा जितू राय, त्यानं २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. मराठी वाचकांना जवळचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरच्या राही सरनोबतचं घ्या. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबंगला तिनं २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली.

ज्या छावणीतून १८५८ नंतर सरकती खाच काढून घेतली गेली, तिथेच आता जवानाच्या हातात दोन स्क्रूंची खाच असते, आणि ती किती सरकवायची हे तो प्रशिक्षकाशी बोलून ठरवतो. पदक मोठं आहेच. मला त्या स्क्रूची किंमत पदकाइतकीच वाटते.

इंदूरची रेवती रेंजही आता वेगळ्या कारणानं लोकांच्या तोंडी आहे. १४ जुलै २०२४ ला तिथे एका दिवसात बारा लाखांवर रोपं लावून गिनीज विक्रम झाला. पुढच्या पिढीला ‘रेंज’ म्हणजे झाडांची जागा असंच वाटलं तर नवल नाही. नावातला नेम शब्दासारखाच गळून पडेल, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

दसऱ्याला एवढं पाहा

शेवटी वाचकांना एक विनंती. माळव्यातल्या कित्येक जुन्या मराठी घरांत, वाड्यांत, जहागीरदारांच्या कोठ्यांवर दसऱ्याला शस्त्रं पूजेला निघतात. त्यात परवान्यावरची किंवा निकामी करून ठेवलेली एखादी ठासणीची बंदूक असते. घरात तिची ओळख ‘पणजोबांची बंदूक’ एवढीच असते.

या दसऱ्याला, जाणत्या माणसाकडून ती रिकामी असल्याची खात्री करून घेतल्यावर, हळदकुंकू लावण्याआधी तिची खाच बघा. पट्टी वर उठते का? तिच्यावर आकडे आहेत का? की नुसता ठोकळा आहे? नळीच्या तोंडात बाजूनं उजेड पाडून आत चऱ्या दिसतात का? माशीचा माथा सपाट घासलेला आहे का, आणि असेल तर कानशीच्या रेघा दिसतात का? चापाजवळच्या पट्टीवर ‘टॉवर’ आणि मुकुटाचा शिक्का असला तर त्याचीही नोंद करा, पण तेवढ्यावरून बंदूक विलायती समजू नका, कारण देशी नकलांवरही तो सापडतो. काही साफ करू नका, घासू नका, सरळ करू नका. फोटो काढा आणि टिपून ठेवा.

ठोकळा सापडला तर ती बहुधा १८५७ नंतर हिंदी पलटणीसाठी बनवलेल्या नमुन्याची बंदूक किंवा तिची नक्कल आहे, आणि पणजोबांच्या नोकरीचा काळ आणि जागा ठरवायला तो पुरावा आहे. घासलेली माशी सापडली, तर त्याहून मोठी गोष्ट हाती लागली असं समजा. तिच्यावरून कळतं की कुणीतरी त्या बंदुकीनं पुन्हा पुन्हा मारून बघितलं, दोष आपल्या हाताचा नाही याची खात्री करून घेतली, आणि मगच कानस उचलली. कागदपत्रांत त्या माणसाचं नाव मिळणार नाही. पण त्यानं शिस्त कशी घेतली, ते त्या अर्ध्या मिलिमीटरवर वाचता येईल.